सुकलाल आबांची इंग्रजी जोडी

सुकलाल आबांना कुणी बरोबर उत्तर दिलं की त्यांना राग येतो. चुकीचं दिलं तर चालतं. अर्धवट दिलं तर फारच छान. "मला नाही बुवा येत" म्हणालात तर ते तुम्हाला ओट्यावर बसवून चहा पाजतील. पण बरोबर उत्तर दिलंत, आणि तेही एका दमात, तर मग पुढचे चार दिवस ते तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत.

हे कळायला मला जरा वेळ लागला, कारण मी पडले मास्तरीण. जळगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. प्रश्न कानावर पडला की उत्तर तोंडातून निघतंच, ती सवय आता माझ्याबरोबरच जाणार. या कॉलनीत राहायला येऊन आठवडाही झाला नसेल. सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडून आधी एक पांढरी टोपी वर आली, मग मिशा आल्या, आणि मिशांखालून प्रश्न आला.

"माय, ब्रिटल भारी की फ्रेल भारी?"

ना ओळख, ना पाळख. ना "कुठून आलात", ना "पाणी येतं का नळाला". मी ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, की ब्रिटल म्हणजे ठिसूळ, वरून कडक पण दाबलं की कटकन मोडणारं. म्हातारपणीची हाडं ब्रिटल, चिक्की ब्रिटल, खोटं खोटं हसणंही ब्रिटल. फ्रेल म्हणजे मुळातच अशक्त. आजारातून उठलेलं माणूस फ्रेल, एखादी आशा फ्रेल. मला वाटलं, म्हातारबाबा खूश होतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलून खाल्ली.

"संपाडी टाकं!" ते कळवळून म्हणाले. "सकायमां बठ्ठं संपाडी टाकं!" सकाळी सकाळीच सगळं संपवून टाकलं म्हणे! आणि टोपी भिंतीखाली गेली.

दुपारी त्यांची सून ज्योती वाटीभर लोणचं घेऊन माफी मागायला आली. "ताई, तुम्ही लगेच सांगून टाकलंत का? आबांना सांगायचं नसतं. त्यांच्याशी भाव करायचा असतो." मी म्हटलं, "कसला भाव?" तर म्हणाली, "शब्दाचा." आणि एवढं साधं मला कसं कळत नाही म्हणून माझ्याकडे बघत राहिली.

तर सांगायचं म्हणजे, सुकलाल आबा मूळचे शिरपूरकडच्या खेड्यातले आणि जन्मभर बैलबाजारातले दलाल. शिरपूर, जामनेर, बोदवड, जिथे बैलबाजार तिथे आबा. एकाचा बैल दुसऱ्याला द्यायचा, मध्ये उभं राहून दोघांना शिव्या द्यायच्या आणि दोघांनी खूश होऊन घरी जायचं, असा तो धंदा. मग शेतात ट्रॅक्टर आले, बाजार ओसरले, पत्नी अक्का वारल्या, आणि मुलाने आबांना जळगावला आणलं. मुलगा चांगला आहे, सून तर सोन्यासारखी आहे. पण कॉलनीत बैल कुठून आणायचा?

आबा जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले. सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत नापास, हे ते आजही छाती काढून सांगतात. "इंग्रजीनं मला पाडलं. आता मी तिला बाजारात उभी केली." रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणलेला आहे. त्याची सुरुवातीची पानं गळालेली आहेत आणि तो थेट 'बी'पासून सुरू होतो. त्यामुळे 'ए'वरून सुरू होणारे शब्द आबांच्या हिशेबी अजून जन्मायचे आहेत. मी एकदा 'ऑस्टिअर' शब्द सुचवला, तर म्हणाले, "हे जनावर आपल्या बाजारात येत नाही."

त्यांची पद्धत ठरलेली. शब्द कधी एकटा घ्यायचा नाही, जोडी घ्यायची. आणि जोडीतल्या प्रत्येकाचं तीन प्रकारे बघायचं. पहिलं, दात. म्हणजे शब्द किती जुना, तरणा आहे की बाजारातून थकून आलेला. दुसरं, चाल. म्हणजे तो वाक्यात चालवून दाखवायचा, आणि एकदा नाही, शेतात, घरात, दवाखान्यात, सगळीकडे. तिसरं आणि महत्त्वाचं, खोड. "प्रत्येक बैलाला एक खोड राहतेच माय. कुणी पाण्यात बसतो, कुणी लहान पोरं दिसली की शिंगं उगारतो. मालक सांगत नाही. आपण काढायची असते." शब्दाची खोड म्हणजे तो कुठे वापरला की घात करतो, ते. आमच्या कॉलेजात शब्दार्थ शिकवायला चार जाड पुस्तकं आहेत, पण हे दात-चाल-खोड प्रकरण कुठल्याही पुस्तकात नाही. अर्थात आबांचे निष्कर्ष ऐकाल तर कपाळावर हात माराल. 'ब्रिटल'ची खोड काय, तर म्हणे "हा नवऱ्याला लावला तर चालतो, सासूला लावला तर घर मोडतं."

हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. समोरच्या जोशी काकूंच्या सुनेला त्यांनी विचारलं होतं, की तुझी सासू ब्रिटल की फ्रेल? ती बिचारी भाजी निवडत होती, पटकन बोलून गेली, "ब्रिटल." खिडकीत सासूबाई उभ्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण सुनेच्या तोंडाकडे बघून अर्थ कळला. पुढे पंधरा दिवस त्या घरात भांडी जरा जास्तच जोरात आपटत होती. आबांना कुणी जाब विचारला तर ते म्हणाले, "मी फ्रेलसुद्धा म्हटलं होतं. तिनं ब्रिटल उचलला, मी काय करू?"

आणि ती भरीत पार्टी! आता हिवाळ्यात आमच्याकडे भरीत पार्टी म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. कुणाच्या तरी शेतात जायचं, हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत कुटायची आणि मग पुऱ्यांबरोबर इतकं खायचं की परत येताना जीपमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. आमच्या कॉलनीचीही दरवर्षी असते. वांगी जाळावर टाकली, बायका मिरच्या-लसणाच्या मागे लागल्या, आणि आबांनी मध्ये उभं राहून जोडी काढली.

"ग्रफ आणि कर्ट. कोण भारी?"

मी तोवर शहाणी झाले होते, तोंड मिटून बसले. पण कुणीतरी मोबाइलमध्ये बघून वाचलं, की ग्रफ म्हणजे आवाजाने, वागण्याने खरबरीत, पण आतून वाईट असेलच असं नाही. आणि कर्ट म्हणजे तुटक, समोरच्याला तोडून टाकणारं. बस, एवढं पुरलं. पाटील वहिनी म्हणाल्या, "आमचे हे ग्रफ आहेत." कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "आमचे कर्ट. विचारलं, जेवायला काय करू, तर 'काहीही'. एवढंच." मग एकेकीने आपापला नवरा बाजारात उभा केला. कुणाचा फोनवर कर्ट आणि घरात ग्रफ, कुणाचा माहेरच्या माणसांशी कर्ट आणि शेजारणीशी अगदी लोणी. माझ्या नवऱ्याचं नाव निघालं तेव्हा मी "नो कॉमेंट" म्हटलं, तर आबा लगेच म्हणाले, "हे बघा, ही कर्ट!" सगळे हसले. हसता हसता वांगी काळी ठिक्कर पडली आणि त्या वर्षी आम्ही भरिताऐवजी पुऱ्या खाऊन आणि ताक पिऊन परत आलो. कॉलनीच्या अध्यक्षांनी आबांना पुढच्या वर्षी इंग्रजी बोलायला बंदी घातली. आबांनी ती मानली नाही.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? मी दिवसभर पोरांना शब्दार्थ शिकवून दमून घरी येते आणि दारात हे गृहस्थ. "घाई कसानी शे माय? बाजार सांजलोंग शे." बाजार संध्याकाळपर्यंत असेल, माझी पोळ्यांची वेळ झालेली असते! एकदा वैतागून मी त्यांना मोबाइल दाखवला. म्हटलं, आबा, हे बघा, इथे दोन्ही शब्द टाका, फरक लगेच सांगतो, उदाहरणांसकट. त्यांनी तो प्रयोग बघितला. मग अगदी दयेने म्हणाले, "याला बाजारच माहीत नाही. विचारलं की भाव सांगून मोकळा. असा दलाल उपाशी मरेल."

मला वाटलं, चला, म्हातारपणाचा चाळा आहे. पण या चाळ्याला दुसरं टोक होतं, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

रोज दुपारच्या जेवणाआधी आबा गच्चीवर जायचे आणि फोनवर आरडाओरडा करायचे. "चोर शे तू! बठ्ठा बाजार लुटी खाशी!" असं काहीतरी खणखणीत अहिराणीत चालायचं. कॉलनीला वाटायचं, भाऊबंदकी, शेताच्या बांधाचं भांडण. आमचे हे तर म्हणाले, "पोलिसांत जाणार एक दिवस हे प्रकरण." मी ज्योतीला विचारलं तर ती हसायला लागली. "अहो ताई, ते उस्मानचाचा. धुळ्याचे. तेही दलाल होते. आबा त्यांना सकाळची जोडी विकतात."

म्हणजे हे होतं तर! सकाळभर आबा कॉलनीत फिरून शब्दाचा कल घ्यायचे. मी काय म्हणते, जोशी काकूंची सून काय म्हणते, इस्त्रीवाला काय म्हणतो. आणि दुपारी तो माल घेऊन उस्मानभाईंशी भाव. उस्मानभाई शब्दाला हिणवणार, आबा चढवणार. एक म्हणणार कर्ट भारी, दुसरा म्हणणार ग्रफ. ठरलं तर ठरलं, नाही ठरलं तर उद्या परत. आणि म्हणूनच बरोबर उत्तर नको! बरोबर उत्तर मिळालं की फोन दोन मिनिटांत संपतो. मग बोलायचं काय? "जेवला का?" "जेवलो." "बीपी कसं आहे?" "ठीक." म्हाताऱ्या माणसांचे फोन कसे असतात, आपल्याला काय माहीत नाही? माझे आणि माझ्या आईचे तसेच असतात.

मग या उन्हाळ्यात एक दिवस गच्चीवरचा आरडाओरडा थांबला.

पहिले दोन-तीन दिवस मला बरं वाटलं, दुपारची झोप लागली. मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. भिंतीवरून टोपीही येईना. मी स्वतः होऊन एकदा हाक मारली, "आबा, आज जोडी नाही का?" तर म्हणाले, "बाजार बंद शे." आणि आत निघून गेले. मी ज्योतीला विचारणारच होते, तेवढ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी आबाच दारात आले. भिंतीवरून नाही, चक्क पुढच्या दाराने, चपला काढून. असे ते कधीच आले नव्हते.

"माय, फॅलो आणि बॅरन. पूर्ण सांग. आज बरोबर उत्तर पाहिजे."

बरोबर उत्तर पाहिजे! मी गॅस बंद केला. म्हटलं, आबा, बसा. आणि सांगितलं. फॅलो म्हणजे मुद्दाम पड टाकलेली जमीन. नांगरून ठेवलेली, पण पेरलेली नाही. विसाव्यासाठी. एखाद्या चित्रकाराने वर्षानुवर्षं चित्र काढलं नाही तर ती वर्षंही फॅलो म्हणतात, कारण आत काहीतरी साठत असतं असं धरतात. एका जातीच्या हरणालाही फॅलो म्हणतात, त्याच्या फिकट तांबूस रंगावरून. बॅरन म्हणजे नापीक. तिथे काही यायचंच नाही. डोंगर बॅरन, झाड बॅरन, चर्चासुद्धा बॅरन, जिच्यातून काही निघत नाही ती. पूर्वी मूल न होणाऱ्या बाईलाही हा शब्द लावत, आणि ती या शब्दाची सगळ्यांत वाईट खोड.

आबा मान खाली घालून ऐकत होते. मध्ये एकदाही "संपाडी टाकं" म्हणाले नाहीत.

"म्हणजे दिसायला दोन्ही सारखे."

"हो. दोन्ही उघड्या जमिनी."

"पण फॅलो परत पिकतं?"

"पिकतं."

"नक्की?"

मी म्हटलं, "शब्द तरी तसंच सांगतो."

मग त्यांनी सांगितलं. उस्मानभाईंना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि जीभ गेली. डॉक्टर म्हणतात, सगळं कळतं त्यांना, ओळखतात, फक्त बोलता येत नाही. व्यायाम केला, हात हलवला, प्रयत्न केला तर थोडंफार परत येईलही. पण ते प्रयत्नच करत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. कुणी घास भरवला तर खातात, नाही भरवला तर नाही. आबा एकदा जाऊन आले होते. उस्मानभाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्याला वाटतं, आपली जमीन बॅरन झाली," आबा म्हणाले. "मी त्याला फॅलो विकायला चाललोय. तू सोबत चल."

"मी? मी येऊन काय करू?"

"जोडीचा मालक सोबत लागतो. मालकाशिवाय सौदा होत नाही. इंग्रजी तुझी, माझी थोडीच शे?"

रविवार होता. आमच्या ह्यांना दुपारचं वाढून घ्यायला सांगितलं आणि निघाले.

एस.टी.त आबा एरंडोल येईपर्यंत खांद्यावरच्या रुमालाच्या घड्या घालत बसले. पुढे पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि मग बोलायला लागले. उस्मानभाई आणि ते, दोघे एकाच वयाचे आणि एकमेकांचे पक्के वैरी. एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याने फोडायचं, हाच आयुष्यभराचा धंदा. पण जेवायचे एकत्र. उस्मानभाईंच्या घरची बाजरीची भाकरी आणि आबांच्या घरची शेंगदाण्याची चटणी, बाजारात झाडाखाली बसून. बैल संपले तेव्हा दोघेही घरी बसले. आधी टोमॅटोवर भाव करून पाहिला, मग मोबाइलवर, पण सगळ्या गोष्टींचा भाव आता सगळ्यांनाच माहीत. अहिराणी शब्दांवर करून पाहिला, तर दोघांना दोन्ही शब्द तोंडपाठ. "भाव कधी रंगतो माय? जनावर परकं पाहिजे. दोघांनाही पूर्ण न कळलेलं. म्हणून इंग्रजी." इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, तिचा हा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता.

धुळ्यात उस्मानभाईंचं घर एका अरुंद गल्लीत, खालच्या मजल्यावर. सून शबाना दारातच उभी होती. तिने आबांना बघून डोक्यावरची ओढणी नीट केली. "आइये चाचा. कल से पानी भी मुश्किल से पी रहे हैं."

खाटेवर एक मोठ्या हाडापेराचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. आबा खाटेच्या उजव्या अंगाला बसले. खांद्यावरचा रुमाल काढला, उस्मानभाईंच्या उजव्या हातावर पसरला आणि त्याखाली स्वतःचा उजवा हात घातला. मी शबानाकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "बाजार का तरीका है, दीदी." मग तिनेच समजावलं. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. आजूबाजूला चार कान असतात. दोन दलाल रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव करतात. एक बोट धरलं तर एक, पाची धरली तर पाच. वरून दोघे हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि खाली सौदा चालतो. फोनवर रुमाल चालत नाही म्हणून आबांचा आरडाओरडा. समोरासमोर असले की रुमालच.

"उस्मान," आबा म्हणाले. "जोडी आणली. फॅलो आणि बॅरन. मालकीणबाई सोबत शे. फॅलोले मी पाच सांगस. तू बोल."

रुमाल हलला नाही.

"माले वळखस ना रे?"

उस्मानभाई भिंतीकडेच बघत होते. आबा तसेच बसून राहिले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, अहो, उजव्या हातात त्यांच्या जीवच नाही. डाव्या हाताने करा ना!"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी अभद्र बोलले. शबानाने खाली मान घातली. मग कळलं, सौदा डाव्या हाताने होत नाही. कधीच नाही. डावा हात पुढे करणं म्हणजे समोरच्याचा अपमान, किंवा स्वतःच्या मालात खोट असल्याची कबुली. आणि शबाना म्हणाली, हाच तर सगळा प्रश्न आहे. फिजिओथेरपीवाले रोज डावा हात पुढे करायला सांगतात. डाव्याने धरा, डाव्याने खा, डाव्याने खुणा करा. अब्बा तो हात छातीखाली दडपून ठेवतात. आजन्म उजव्याने सौदे केलेला माणूस डावा हात काढत नाही. लाज वाटते त्यांना. म्हणून खात नाहीत, म्हणून काही मागत नाहीत, म्हणून भिंतीकडे तोंड.

हे आबांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते उठले. खाटेला वळसा घालून भिंत आणि खाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत कसेबसे घुसले. आता ते उस्मानभाईंच्या तोंडासमोर होते. त्यांनी रुमाल उस्मानभाईंच्या डाव्या बाजूला टाकला. उस्मानभाईंनी डावा हात आणखी आत ओढून घेतला आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

आबांनी स्वतःचा उजवा हात उचलला, पाठीमागे नेला आणि धोतराच्या काष्ट्यात खोचला. मग डावा हात पुढे केला. सुकलाल आबांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात डाव्या हाताने कुणाला पाण्याचा पेलाही दिला नसेल त्यांनी, डावा हात रुमालाखाली घातला.

"तुना एक गया ना? मना बी एक गया समज," ते म्हणाले. "आते बराबर शे. आता बोल."

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. शबानाने माझा दंड घट्ट धरला होता आणि मीही तिचा. मला तर देवाचं नाव आठवेना, मी आपली मनात "फॅलो, फॅलो" म्हणत होते, खुळ्यासारखी.

उस्मानभाईंचा खांदा हलला. छातीखालून हात सावकाश निघाला आणि रुमालात शिरला. रुमाल थोडा फुगला, आत काहीतरी धडपडलं. मग स्थिर झाला.

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आधी काही कळेना, मग कळलं, मग संताप.

"एक?" ते ओरडले. "फॅलोले एक? मी पाच सांगस आनि तू एक सांगस? चोर शे तू! आजारी पडीसन बी चोर शे!"

उस्मानभाई हसले. अर्धाच चेहरा हसला, पण हसले. शबाना रडायला लागली आणि म्हणाली, "अब्बा ऐसेच करते थे चाचा के साथ. हमेशा एक से शुरू." माझ्याही डोळ्यांना धार लागली, लाज कसली त्यात! आणि आबा, गालांवरून पाणी ओघळतंय आणि तोंडाने शिव्या चालू. शब्दाचे दात दाखवत होते, चाल सांगत होते. उस्मान, अरे पड टाकलेलं रान शे, दोन पाऊस पडू दे, मग बघ. रुमाल हलत होता. पाच. एक. पाच. एक. मग बराच वेळाने, दोन.

"दोन वना! दोनवर आला!" आबा माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मलाच सौद्यात काही मिळणार होतं.

शबानाने चहा केला. उस्मानभाईंनी तो डाव्या हाताने घेतला, अर्धा सांडला, अर्धा प्यायले. आबांनीही डाव्याच हाताने घेतला आणि त्यांनीही अर्धा सांडला. मग दोघांचे डावे हात परत रुमालात गेले. आमच्या परतीच्या गाडीची वेळ होत आली. मी म्हटलं, "आबा, निघू या? झाला का सौदा?"

"कुठे झाला? तो दोनवर अडून बसलाय."

"मग फोनवर करा उद्या."

आबांनी रुमाल थोडा बाजूला केला आणि मला दाखवलं. उस्मानभाईंनी त्यांची दोन बोटं मुठीत घट्ट धरून ठेवली होती. सोडत नव्हते.

"तू जा माय," आबा म्हणाले. "ज्योतीला सांग, मी आज येत नाही. सौदा अर्धा टाकून उठता येत नाही."

मी एकटीच परतीच्या गाडीत बसले.